फाटकापाशी येऊन थांबतो (पाचवीतला मुलगा, शाळेची भीती) – मदत हवी

केळीचं_पान | २ जुलै, रात्री ११:२०

सगळे झोपल्यावर लिहायला बसलेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही यावल तालुक्यातल्या एका गावात राहतो. मुलगा चौथीपर्यंत गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होता. घरापासून चार मिनिटांवर. बाईंचा लाडका, पाढे तोंडपाठ, कधी तक्रार नाही. यंदा पाचवीला भुसावळला सेमीत घातला. सकाळी ७ ची शाळा, व्हॅन ६:१५ ला येते.

पहिले चार दिवस गेला. पाचव्या दिवशी व्हॅन तापीच्या पुलावर आली आणि त्याला उलटी झाली. तेव्हापासून रोज सकाळी पोट. "आई, पोट दुखू राहिलं." रविवारी संध्याकाळी जेवण अर्धवट टाकतो, सोमवारी सकाळी पांढराफटक. नऊ वाजले, आता काही शाळेत जायचं नाही हे त्याला कळलं, की अर्ध्या तासात पोहे खातो. म्हणून घरातल्या सगळ्यांचं मत एकच, नाटक.

रक्त, लघवी, सोनोग्राफी झाली. जंताचं औषध झालं. सगळं नॉर्मल. डॉक्टर त्याच्यासमोरच हसून म्हणाले, "याला शाळेचा आजार आहे." त्या दिवशी घरी येऊन तो रडला नाही, नुसता भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. ते मला जास्त लागलं.

मागच्या आठवड्यात मी स्वतः स्कूटीवर घेऊन गेले. फाटकापर्यंत आला. तिथे थांबला. हात थंडगार, पाय उचलेना. वॉचमन, शिक्षिका, मी, तिघं समजावतोय आणि बाकीची मुलं बघत आत जातायत. शेवटी परत आणला. ज्या दिवशी आत जातो त्या दिवशी मधल्या सुट्टीत ऑफिसातून फोन लावायला लावतो. काय विचारतो? "आजी काय करतेय? उठली का?" बस्स. डबा तसाच परत.

मिस्टर केळीच्या गाड्या भरून देतात, पहाटेच बाहेर पडतात. सासरे जानेवारीत गेले, सासूबाई तेव्हापासून गप्पच असतात. सकाळचं सगळं माझ्यावर. शाळेतून निरोप आलाय की हजेरी अशीच राहिली तर "विचार करावा लागेल". पाचवीला आता नापासही करतात म्हणे.

मारायचं नाही हे मी ठरवलंय. पण मग करायचं काय?

शेवभाजी_जहाल | ३ जुलै, सकाळी ७:०५

ताई, राग मानू नका. आमच्या वेळी असली थेरं नव्हती. बापाने दोन ठेवून दिल्या की पोट आपोआप बरं व्हायचं. नऊ वाजता पोहे खातो म्हणजे आजार कसला? आणि घरी राहिला की मोबाईल मिळत असणार. मग तो शाळेत जाईल कशाला?

कळण्याची_भाकरी | ३ जुलै, सकाळी ९:४०

@शेवभाजी_जहाल, तुमच्या वेळी काय व्हायचं ते मला माहीत आहे. आमच्या गल्लीतला एक जण असाच सातवीतून सुटला आणि आज चाळिशीतही बँकेत सही करायला बहिणीला सोबत नेतो. त्याची गणती कोणी केली नाही एवढंच.

पण मोबाईलचं तुमचं म्हणणं खोटं नाही. ताई, घरी राहिलेल्या दिवशी काय होतं ते सांगा ना.

केळीचं_पान | ३ जुलै, दुपारी १:१५

खरं सांगते, मिळतो मोबाईल. मी स्वयंपाकात असते, सासूबाईंना वाटतं पोरगं आधीच घाबरलंय, बघू दे थोडं.

मागचा_बाक | ३ जुलै, रात्री १०:५०

मी तो मुलगा होतो. धुळ्यात. सातवीत चार महिने शाळेत गेलो नाही. आता पुण्यात नोकरी करतो, रोज ऑफिसला जातो, हसू नका, हे माझ्यासाठी सांगण्यासारखं आहे.

पोट खरोखर दुखतं. हे आधी डोक्यात घ्या. मी आजीला सांगायचो, "माय, मनं पोट दुखस," आणि ती एकटी म्हणायची, "पोरगं खोटं बोलत नही." तिने माझ्यावर विश्वास ठेवला म्हणून मी तिच्यापाशी तरी बोलायचो. नऊ वाजता दुखणं थांबतं कारण धोका टळलेला असतो. कुत्रा अंगावर आला तर छाती धडधडते आणि कुत्रा गेला की थांबते, तेव्हा कोणी म्हणत नाही की धडधड खोटी होती.

दुसरं कटू आहे. घरी राहिल्यावर जी सुटका वाटायची तिनेच माझा घात केला. पहिल्या दिवशी फक्त गणिताच्या तासाची भीती होती. महिन्याभराने शाळेच्या रस्त्याची झाली. चौथ्या महिन्यात गणवेश दोरीवर वाळताना दिसला तरी पोटात गोळा यायचा. एकेक दिवस घरी बसून मी भीतीला खाऊ घालत होतो, आणि घरचे प्रेमाने मला ताट वाढत होते.

सगळ्यात वाईट कोण होतं सांगू? नातेवाईक. "काय रे, शाळेत का जात नाही?" हा प्रश्न दारात चप्पल काढता काढता विचारणारे.

समुपदेशक_धुळे | ४ जुलै, रात्री ९:३०

धाग्यावर उशिरा आले. शाळकरी मुलांबरोबर काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. मुलाला न पाहता निदान करत नाही, हे आधीच सांगते.

याला शाळा बुडवणं म्हणत नाहीत. बुडवणारं मूल घरून निघतं आणि भलतीकडे जातं, घरच्यांना पत्ता नसतो. हे मूल घरीच असतं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, आणि बहुतेक वेळा त्याला शाळेत जायचंही असतं. दप्तर रात्री भरून ठेवतं. सकाळी शरीर ऐकत नाही. भीतीच्या वेळी शरीर पळायच्या तयारीला लागतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, आतड्यांचं काम बिघडतं. मळमळ, कळ, जुलाब, थंड हात हे सगळं त्यातून येतं. हे जास्त करून दिसतं ते पहिलीत जाताना, मग दहा-अकराव्या वर्षी, शाळा बदलताना, मोठ्या सुट्टीनंतर किंवा आजारपणानंतर. तुमच्याकडे वय आणि शाळाबदल, दोन्ही एकदम आलंय.

तपासण्या एकदा नीट झाल्या, उत्तम. आता दर आठवड्याला नवा डॉक्टर नको. प्रत्येक नव्या तपासणीतून मुलाला कळतं की आत काहीतरी आहे आणि ते अजून सापडत नाहीये.

घरी राहिला तर शाळेच्या वेळेत शाळेसारखंच. सातला आंघोळ, गणवेश, टेबलाशी पुस्तक, मधली सुट्टी मधल्या सुट्टीच्या वेळी. टीव्ही-मोबाईल शाळा सुटायच्या वेळेआधी नाही. शिक्षा म्हणून नाही, नुसतं कंटाळवाणं. आजींना हे आधी समजावून सांगा, नाहीतर सगळं तिथेच गळतं.

आणि शाळेतला किती भाग जमतो ते बघा. पूर्ण दिवस किंवा शून्य, असा हिशोब ठेवला की नेहमी शून्यच हाती येतं. फाटकापर्यंत येतो ना? मग आपली पहिली पायरी फाटक. चार दिवस फाटकाशी दहा मिनिटं उभं राहून परत यायचं, पण ठरवून, हरून नव्हे. मग ऑफिसातल्या बाकावर. मग एक तास, त्याला सोपा वाटणारा. मग दोन. पायरीवर भीती वाटणारच, ती थोडी ओसरेपर्यंत तिथे थांबायचं. भीती शिगेला असताना मागे फिरलात तर पुढची खेप जड जाते.

अजून एक सांगते. "शाळेची भीती का वाटते?" असं विचारू नका, त्याचं उत्तर मोठ्यांनाही देता येत नाही. त्याऐवजी दिवसाचा नकाशा काढायला सांगा. उठल्यापासून सुटेपर्यंत, आणि प्रत्येक जागेवर दहापैकी आकडा. व्हॅन किती, प्रार्थना किती, शौचालय किती, बाईंनी उभं करून वाचायला लावलं तर किती. आकडे बघून लिहा.

निवृत्त_गुरुजी | ५ जुलै, सकाळी ६:३०

मी अमळनेरचा. चौतीस वर्षं शिकवलं. दोन गोष्टी.

एक, नियमाचं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून. आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. कलम १७ प्रमाणे मारणं नाही आणि मानसिक छळही नाही. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली हे खरं. पण त्यात नापास झालं तर पुन्हा परीक्षेची संधी असते, आणि तरीही नाही जमलं तर त्याच वर्गात बसवतात, घरी पाठवत नाहीत. तेव्हा "विचार करावा लागेल" या निरोपाने घाबरू नका. तोंडी निरोपाला तोंडी उत्तरही देऊ नका. मुख्याध्यापकांना अर्ज लिहा, डॉक्टरांचं पत्र जोडा, टप्प्याटप्प्याने हजेरी लावू द्यावी अशी विनंती करा आणि पोच घ्या.

दोन, वेळेचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने ठरवलं की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवायचे नाहीत, मुलांची झोप व्हावी म्हणून. पाचवीला मात्र तेच पोरगं एकदम ७ च्या शाळेत, म्हणजे उठायचं साडेपाचला. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याची झोपेची गरज कमी झाली का? कोणी विचारत नाही. त्याला रात्री साडेनऊला झोपवता येतं का बघा.

आमच्या गावात साने गुरुजी १९२४ ते १९३० प्रताप हायस्कूलला शिक्षक होते. छात्रालय त्यांच्याकडे होतं. मुलांच्या खोल्या स्वतः झाडायचे, कपडे आवरून ठेवायचे. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा जुनी माणसं ते सांगायची आणि आम्ही मान डोलवायचो, वर्गात गेलो की छडी घ्यायचो. मीही घेतली. एका पोराला दाराशी उभं करून ठेवलं होतं, तो दुसऱ्या दिवसापासून आलाच नाही. त्याचं नाव अजून आठवतं.

शेवभाजी_जहाल | ५ जुलै, सकाळी ८:१०

गुरुजी, दंडवत. माझी पहिली प्रतिक्रिया मागे घेतो. मोबाईलचं तेवढं राहू द्या 😊

अहिराणी_बोल | ५ जुलै, दुपारी १२:४५

भाषेचाही विचार करा. माझा भाचा साक्रीहून धुळ्याला शाळेत गेला. घरी अहिराणी. पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं डबा कुठे, हा म्हणाला, "दप्तरमा शे." वर्ग हसला, बाई पण हसल्या. त्यानंतर दोन महिने त्याने वर्गात तोंड उघडलं नाही. बोलायला येत नाही असा शेरा आला. पोरगं घरी कानबाईची (आमच्या खानदेशातली श्रावणातली देवी) गाणी म्हणतं ती ऐकायला शेजारच्या बाया जमतात.

तुमच्याकडे लेवा बोली असेल तर तिथेही तेच. सेमीत गणित-विज्ञान इंग्रजी, बाकी पुस्तकी मराठी, आणि पोराची तिसरीच.

केळीचं_पान | ५ जुलै, दुपारी ३:००

आमच्याकडे सासूबाई बोलतात तशीच बोलतो तो. मलाही हेच कारण वाटतंय. बाईंना भेटून येते.

सावदा_बायपास | ६ जुलै, रात्री ११:१०

मी बाप म्हणून लिहितोय. मुलगी तेव्हा दुसरीत होती. मी तिला उचलून व्हॅनमध्ये टाकलं. ती दार लाथेने ढकलत होती, ड्रायव्हर म्हणाला साहेब राहू द्या, मी म्हणालो लाव कुलूप. आठवडाभर रोज. आठव्या दिवशी गपचूप जाऊन बसली. मी जिंकलो असं वाटलं, सगळ्यांना फुशारकीने सांगितलं.

आता ती दहावीत आहे. मागच्या दिवाळीत बोलता बोलता म्हणाली, "पप्पा, मी शांत झाले कारण मला कळलं की ओरडून उपयोग नाही." व्हॅनमधला एक मोठा मुलगा तिला चिमटे काढायचा, घाणेरडं बोलायचा. दोन वर्षं. मला सांगितलं नाही, कारण माझ्यावर तिचा भरवसा उरला नव्हता.

पायऱ्या-बियऱ्या सगळं ठीक. पण आधी खात्री करा की भीती खोट्या वाघाची आहे, खऱ्या नाही.

समुपदेशक_धुळे | ७ जुलै, सकाळी १०:००

@सावदा_बायपास, तुम्ही हे लिहिलंत, आभार. फार महत्त्वाचं आहे. कोणी त्रास देत असेल, अंगाला हात लावत असेल, शिक्षक मारत असतील, तर हळूहळू सवय लावायची नसते. आधी ते थांबवायचं. लैंगिक त्रास असेल तर पोक्सो, २०१२ चा कायदा आहे. मुलांसाठी १०९८ हा फोन आहे, मूल स्वतःही लावू शकतं.

अजून एक, वाचता न येणं. पाचवीपर्यंत पाठांतरावर निभावून नेणारी हुशार मुलं असतात, अक्षरं मात्र नाचत असतात. नव्या शाळेत मोठ्याने वाचायची वेळ आली की कोसळतात. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, तपासणीनंतर परीक्षेत सवलती मिळतात. डोळे आणि कान तपासलेत का? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, पण त्याची वाट बघत बसू नका.

डोंगरपाडा | ८ जुलै, रात्री ८:२०

धडगावकडे आश्रमशाळेत शिक्षक आहे. रेंज मिळाली की वाचतो.

तुमच्या धाग्यात आई फाटकापर्यंत येते. आमच्याकडे आई डोंगरापलीकडे. सहा वर्षांचं पोर, घरी पावरी किंवा भिली, इथे रात्री साठ पोरांच्या हॉलमध्ये झोपायचं. जून-जुलैत आमच्याकडेही पोटदुखी, पण आम्ही त्याला "घर लागलं" म्हणतो. होळीला भोंगऱ्या बाजारासाठी घरी गेलेली पोरं महिनाभर येत नाहीत, काही येतच नाहीत. कागदावर तो "गैरहजर". त्यातलं कोण कामाला गेलं आणि कोण घाबरलंय, रजिस्टर सांगत नाही.

काय जमतं ते सांगतो. मोठ्या भावंडाचं अंथरूण शेजारी लावतो. नवीन पोराला त्याच्याच पाड्याचा एक मोठा पोरगा जोडून देतो. आणि फोनची वेळ ठरवली, रविवारी चार वाजता. आधी पोरं रडली की फोन लावून द्यायचो. त्याने रडणं वाढायचं. वेळ ठरली तेव्हापासून रडणंही बरंचसं रविवारवर गेलं.

तुमच्या मुलाच्या फोनबद्दल वाचून हे आठवलं. तो आजीची चौकशी करतो, हे मला जरा वेगळं वाटलं. घर लागलेलं पोर म्हणतं, मला घेऊन जा. हा विचारतो, आजी उठली का.

मागचा_बाक | ८ जुलै, रात्री ९:०५

+१. मलाही तेच खटकलं होतं, पण नीट मांडता आलं नाही. ताई, सासरे गेले तेव्हा हा कुठे होता?

केळीचं_पान | ८ जुलै, रात्री ११:४५

शाळेत होता.

मी हे वाचलं आणि बराच वेळ मोबाईल खाली ठेवून बसले.

जानेवारीत सकाळी अकराच्या सुमारास आप्पा गेले. शेतातून आले, ओट्यावर बसले, पाणी मागितलं आणि गेले. याच्या काकाला शाळेत पाठवलं. काका वर्गाच्या दारात उभा राहिला, बाईंच्या कानात बोलला, बाई म्हणाल्या, दप्तर भर, घरी जायचंय. रस्त्यात काका काही बोलला नाही. घरी आला तेव्हा अंगणात माणसं. आप्पांना खाली ठेवलेलं. आम्ही कोणी त्याला वेगळं बसवून काही सांगितलं नाही. दहा दिवस घर भरलेलं होतं, पोरं पोरांत खेळत होती, मला वाटलं त्याला कळलंच नाही फारसं.

उद्या तो नकाशा काढायला देते.

केळीचं_पान | १० जुलै, रात्री १०:३०

काढला. व्हॅन ५. प्रार्थना २. इंग्रजी ४. वाचायला उभं केलं तर ३, म्हणजे भाषेचं तेवढं नव्हतं, आम्ही सगळे तिकडे धावलो होतो. शौचालय ६, ते घाण असतं म्हणे.

मग त्याने पेन्सिलीने एक दार काढलं आणि शेजारी १० लिहिलं. मी विचारलं हे काय. म्हणाला, "पिऊन काका चिठ्ठी घेऊन येतात ना, ते दार."

गावच्या शाळेत शिपाईच नव्हता. इथे दिवसातून चार-पाच वेळा येतो. कोणाची फी, कोणाला लवकर न्यायला आलेत, कोणाचा डबा. आणि दर वेळी हा दारावर डोळे लावून बसलेला असतो, की आता माझं नाव. की आता आजी.

एवढंसं पोर रोज दिवसभर हे घेऊन बसत होतं आणि आम्ही त्याला सोनोग्राफीला नेत होतो.

कळण्याची_भाकरी | १० जुलै, रात्री १०:५५

डोळ्यांत पाणी आलं हो.

समुपदेशक_धुळे | ११ जुलै, सकाळी ९:१५

ताई, स्वतःला दोष देत बसू नका, पुढे काम आहे.

त्याच्याशी आप्पांबद्दल बोला. साध्या शब्दांत, काय झालं ते. "देवाघरी गेले", "झोपले" असलं नको. आजी सकाळी उठली का हे तो का विचारतो, ते तुम्हालाच दिसेल. दवाखान्यात काय म्हणाले, हृदय म्हणजे काय, आजीची तब्येत आज कशी आहे, आजी कोणती गोळी घेते. आजींनी स्वतः सांगितलं तर सोन्याहून पिवळं.

पण "आजीला काही होणार नाही" असं वचन देऊ नका. ते खोटं आहे आणि त्याला ते माहीत आहे. शिवाय दिवसातून वीस वेळा मागेल. त्याऐवजी असं ठरवा, घरी काही गंभीर झालं तर तुला आई स्वतः न्यायला येईल आणि रस्त्यातच सगळं सांगेल. चिठ्ठी येणार नाही. हे वचन तुम्ही पाळू शकता.

फोन एकदम बंद नको. मधल्या सुट्टीत एक, ठरलेल्या वेळी. दोन आठवड्यांनी एक दिवसाआड.

शाळेला हे सांगाच. वर्गशिक्षिकेला आणि त्या पिऊन काकांनाही.

दोन-तीन आठवड्यांत काहीच हललं नाही, झोप-जेवण उडालं, तो मरणाबद्दल स्वतःसंबंधी बोलायला लागला, तर थांबू नका. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथल्या रुग्णालयात मानसोपचार विभाग गाठा. टेलीमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. विचार आणि वर्तनावर काम करणारी बोलण्याची उपचारपद्धत आधी असते, औषध लागलंच तर तज्ज्ञ ठरवतात. मानसोपचार म्हटलं की आपल्याकडे लग्न कसं होईल इथपर्यंत गाडी जाते. पोरगं दहा वर्षांचं आहे.

अहिराणी_बोल | ११ जुलै, सकाळी ९:५०

आणि भगताकडे नेऊ नका कोणी सांगितलं तरी. आप्पा धरून बसलेत असं सांगणारे निघतीलच.

केळीचं_पान | ११ जुलै, सकाळी १०:०५

निघाले. जावेच्या माहेरचे. नारळ पण सांगितला होता 😑

केळीचं_पान | २७ जुलै, रात्री ११:००

धागा वर काढते, राग मानू नका.

मुख्याध्यापकांना लेखी अर्ज दिला, गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे पोच घेतली. बोलायची भाषाच बदलली त्यांची. वर्गशिक्षिका चांगल्या निघाल्या, त्यांचं म्हणणं, आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. खरंच, मी कुठे सांगितलं होतं?

पिऊन काकांना मी स्वतः भेटले. साठीला टेकलेला माणूस, तापीकाठच्याच गावचा. सगळं ऐकलं, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून चिठ्ठी घेऊन वर्गाच्या दारात आले की आधी याच्याकडे बघतात आणि हात हलवतात. तुझी नाही. मग बाईंकडे जातात. हे कोणी सुचवलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "त्यात काय ताई."

सासूबाईंनी एक दिवस त्याला मांडीवर घेऊन आप्पांचं सगळं सांगितलं. शेवटचं पाणी कोणी दिलं, काय बोलले. सांगता सांगता त्याही रडल्या, जानेवारीनंतर पहिल्यांदा. मी दाराआड उभी होते.

हिशोब: पहिला आठवडा फाटक आणि ऑफिसचा बाक. दुसऱ्यात दोन तास. मग चार दिवस पूर्ण. मग एक सोमवार पूर्ण गेला, म्हणजे वाया गेला, पुलावरून परत आणावा लागला. मी स्कूटीवरच रडले. तो मागून म्हणाला, "आई, उद्या जाऊ."

सावदा_बायपास | २७ जुलै, रात्री ११:२०

मांडीवर घेऊन. हे वाचून उठलो आणि पोरीच्या खोलीत डोकावून आलो.

समुपदेशक_धुळे | २८ जुलै, सकाळी ८:४०

छान चाललंय. सोमवार मागे-पुढे होणारच. रविवारी संध्याकाळी व्हॅनच्या रस्त्याने एक चक्कर मारून या, पुलावर थांबून पाणी बघा, परत या. व्हॅनची घाई नको, आधी स्कूटी पक्की होऊ द्या.

कानबाईची सुट्टी येतेय. रविवारी कानबाई बसल्या, सोमवारी उठल्या की घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, रोट (कानबाईचा प्रसाद) संपेपर्यंत कोणी हलत नाही. मंगळवारी मात्र तो शाळेत. कोणी कितीही म्हणालं की राहू दे एक दिवस, तरी.

शेवभाजी_जहाल | २८ जुलै, सकाळी ९:३०

रोट डब्यात द्या. एक पिऊन काकांना पण.

केळीचं_पान | २३ ऑगस्ट, रात्री १०:१५

शेवभाजी दादा, दिला होता. दोन दिले.

मंगळवारी गेला. त्यानंतर दोन दिवस बुडाले, एक तापाने, एक नुसताच. व्हॅनमध्ये अजून बसत नाही, शनिवारी परतीच्या वेळी एकदा बसून आला. फोन आता आठवड्यातून दोनदा. शौचालयाचा ६ अजून ६ च आहे, त्यावर पालक सभेत बोलणार आहे. बघू काय होतं.

परवा मला धडकी भरली होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी पिऊन काका रजेवर होते, बदली माणूस आला होता, त्याला काय माहीत. तो सरळ वर्गात आला, चिठ्ठी बाईंच्या हातात दिली. बाईंनी नंतर फोनवर सांगितलं, हा एकदम ताठ झाला, वही घट्ट धरली, पण जागेवरून उठला नाही.

संध्याकाळी मी मुद्दाम काही विचारलं नाही. तोच बैलांना रंग लावता लावता म्हणाला, आज चिठ्ठी आली होती.

"कोणाची?"

"कोणाची तरी. डबा विसरला होता."